सीपॅप लावल्यावर नाक चोंदतंय? आधी सांगा, किती वाजता चोंदतंय

ताई, तुमचा प्रश्न आधी एकदा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बाबा ६१ वर्षांचे, खानापूर तालुक्यात घर, तीन महिन्यांपूर्वी बेळगावात झोपेची तपासणी होऊन सीपॅप लागला (झोपेत श्वास अडणाऱ्यांना मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन), हवेचा दाब म्हणजे प्रेशर ११, नाकावरचा मास्क. पहिले दोन-तीन तास छान झोपतात, मग दोन-अडीचच्या सुमाराला नाक गच्च, तोंड चामड्यासारखं कोरडं, मास्क ओढून उशाशी टाकतात आणि परत घोरणं सुरू. त्यावर मेडिकलमधून आणलेले नाकातले थेंब रोज रात्री चाललेत, पाच आठवडे झाले. मशीन देणारा म्हणतोय फुल फेस मास्क, म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा, घ्या, आत्या म्हणतायत मशीनच्या वाऱ्यानंच सर्दी झालीय, बंद करा ते. आणि तुम्ही विचारताय ऐकू कुणाचं.

मी डॉक्टर नव्हे हे आधीच सांगून ठेवतो. झोपेच्या तपासणीचा टेक्निशियन, १४ वर्षं हेच काम, रात्री माणसांच्या डोक्याला तारा लावून त्यांना झोपवायचं आणि नंतर निपाणीपासून लोंढ्यापर्यंत घरोघरी जाऊन मशीन बसवून द्यायची. औषधाचं शेवटचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण मशीन आणि नाक यांचं जे भांडण आहे ते मी रोज बघतोय.

तुम्ही वेळ लिहिलीत हे लई बरं केलंत. शंभरातले नव्वद जण नुसतं "नाक बंद होतंय बघा" म्हणून फोन करतात, आणि मी विचारलं किती वाजता, तर सुम्म बसतात. अहो, तीच तर खरी मेख आहे. मशीन लावायच्या आधीच नाक चोंदलेलं असेल तर मशीनचा काही दोष नाही, ती अ‍ॅलर्जी नाहीतर नाकातला मधला पडदा वाकडा, नाकात काहीतरी वाढलेलं. आडवं झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत चोंदत असेल तर ते बरंचसं झोपण्याचं, कारण आडवं झालं की नाकातल्या शिरांत रक्त भरतं, नाक सुजतं, आणि कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद होते हे तर निरोगी माणसालाही होतं. पहाटे मास्क काढल्यावर शिंका आणि पाण्यासारखं नाक असेल तर गार हवा, नाहीतर फिल्टरमधली धूळ. आणि बाबांसारखं दोन-तीन तास बरं जाऊन मग मध्यरात्री गच्च होणं आणि सोबत तोंड कोरडं, ही जोडी दिसली की मी आधी तोंडाकडे बघतो, नाकाकडे नंतर.

का ते सांगतो. नाक हे फुकटचं ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारं यंत्र, आहे. आत जाणारी हवा ते गरम करतं, ओली करतं, आणि आपण नाकानंच श्वास सोडला की त्यातला थोडा ओलावा नाक परत ठेवून घेतं, आपल्या बायका कणीक भिजवताना ताटातलं उरलेलं पीठ पुसून घेतात तसं, काही वाया जाऊ देत नाहीत. आता मशीन लावलं, गाढ झोप लागली, जबडा सैल पडला, तोंड उघडलं. मशीन नाकातून हवा ढकलतंय आणि ती तोंडातून बाहेर निघून चाललीय. नाकातून हवा फक्त आतच येते, परत काही नाही. ओलावा सगळा तोंडावाटे घराबाहेर. नाकाचं अस्तर वाळतं, मग ते चिडतं, सुजतं, नाक चोंदतं. नाक चोंदलं की माणूस तोंड अजून उघडतो, मशीनला वाटतं गळती वाढली म्हणून ते वारा अजून जोरात सोडतं, आणि नाक अजून वाळतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली सीपॅप जगापुढे आणलं, आणि त्यांच्याच मंडळींनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की तोंडातून गळती झाली की नाकातला अडथळा वाढतो, आणि हवा गरम-ओली करून दिली की तो बराचसा आटोक्यात राहतो. म्हणजे ही काय नवीन भानगड नाही, पण मशीन विकताना हे कोण सांगत बसत नाही.

तर पहिला प्रश्न बाबांना नाही, तुम्हाला. मशीनचं पाण्याचं भांडं आहे ना, ते तापतंय का? नीट बघा, हात लावून बघा. कारण तुमच्या भागात पावसाळ्यात लाईट जाते, मशीन इन्व्हर्टरवर जातं, आणि सगळ्यात जास्त करंट खातं ते पाणी तापवणारं ह्युमिडिफायर, मशीनचा पंखा बिचारा थोडक्यात भागवतो. मग कोणीतरी शहाणा सांगतो ह्युमिडिफायर बंद ठेवा म्हणजे बॅटरी सकाळपर्यंत पुरेल. सल्ला बरोबर आहे, त्या रात्रीपुरता. पण पाऊस संपतो, लाईट नियमित होते, आणि ते बटण मात्र शून्यावरच राहतं. गेल्या वर्षी कणकुंबीकडच्या एका घरात मी दोन तास मास्क, पट्टे, पाइप सगळं तपासत बसलो आणि शेवटी बघतो तर ह्युमिडिफायर जूनपासून बंद, महिना चालू होता नोव्हेंबर. घरातल्या काकू म्हणाल्या, पाणी तर रोज भरतो की आम्ही. भरत होत्या, पण पाणी गारच.

चालू असेल तर आकडा बघा. काही मशीनला १ ते ८ असतं, काहींना १ ते ५. मधला आकडा धरून सुरुवात करा, तीन रात्री तसंच ठेवा, तोंड-नाक कोरडंच वाटलं तर एक पायरी वर, परत तीन रात्री. एकदम टोकाला नेऊ नका, कारण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत खोली गार असते आणि गरम ओली हवा गार पाइपात आली की तिचं पाणी होतं, मग पाइपात गुरगुर आवाज आणि तोंडावर थेंब. तसं झालं तर आकडा कमी करायच्या आधी पाइपाला जुन्या सुती साडीचा नाहीतर लोकरीचा खोळ शिवून घाला, किंवा पाइप वाकळेखालून घ्या, आणि मशीन डोक्यापेक्षा खाली ठेवा म्हणजे साचलेलं पाणी मशीनकडच्या बाजूला ओघळेल, नाकाकडे नाही. खाली म्हणजे जमिनीवर नव्हे, हां, जमिनीवर ठेवलं की झाडलोटीची सगळी धूळ फिल्टरात. छोटा स्टूल घ्या. तापणारा पाइप मिळतो, पैसे असतील तर घ्या, चांगली वस्तू आहे, माझ्या मते फुल फेस मास्कच्या आधी तो घ्यावा.

पाणी कुठलं? डिस्टिल्ड, सर्जिकलच्या दुकानातलं. बॅटरीत घालायचं पाणी स्वस्त पडतं म्हणून लोक तेच आणतात, मी नको म्हणतो, ते माणसाच्या नाकासाठी भरलेलं नसतं आणि दुकानात अ‍ॅसिडच्या कॅनशेजारी उभं असतं. एखाद्या दिवशी नाहीच मिळालं तर उकळून गार केलेलं आरओचं पाणी चालवा. अथणी-चिकोडीकडचं बोअरचं पाणी तर घालूच नका, आठवड्याभरात भांड्याच्या तळाला पांढरी खपली धरते. रोज उरलेलं पाणी ओतून टाकायचं, भांडं साबणाच्या पाण्यानं धुऊन उपडं घालायचं, आठवड्यातून एकदा व्हिनेगर-पाण्यात अर्धा तास. आणि त्यात व्हिक्स, निलगिरीचं तेल, तुळशीचा अर्क, कापूर काही म्हणजे काही टाकायचं नाही. एका आजोबांनी ओवा टाकला होता. वास छान येत होता, पण भांडं गेलं आणि खोकला पंधरा दिवस.

आता तोंडाचं. मशीनच्या स्क्रीनवर नाहीतर मोबाईलच्या अ‍ॅपवर गळती दिसते, लीक म्हणून. एका मोठ्या कंपनीच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की जास्त धरतात, दुसऱ्या कंपन्यांचं मोजमाप वेगळं असतं, त्यामुळे आकड्यापेक्षा आलेख बघा. दहा ते दोन सपाट आणि मग एकदम डोंगर, असं असेल तर बाबा दोनला तोंड उघडतात. हनुवटीचा पट्टा लावून बघता येतो, काहींना लागू पडतो, काहींना नुसती अडचण. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरतात, ते तर आधीच नाक चोंदलेल्या माणसाला अजिबात करू नका, दोन्ही वाटा बंद करून कसं चालेल. दात काढून झोपतात का तेही बघा, कवळी काढल्यावर जबडा आत बसतो आणि मास्क सैल होतो. मिशी असेल तर... आमच्याकडे मिशी हा नाजूक विषय आहे, मी कुणाला काढा म्हणत नाही, पण नाकपुडीत बसणारा छोटा मास्क मिशीवर जास्त बरा बसतो एवढं सांगतो.

फुल फेस मास्कबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आणि मशीन देणाऱ्यांना ते आवडत नाही. तो वाईट नाही. खरोखर नाकानं श्वास घेताच येत नाही, पडदा फारच वाकडा आहे, किंवा जोरदार सर्दीच्या आठ दिवसांसाठी जवळ असावा, इथं तो हवाच. पण वाळल्यानं चोंदलेल्या नाकाला तो उत्तर नाही, तो नाकाला बाजूला सारून पुढं जातो. जागा जास्त व्यापतो, कडेनं गळतो, बऱ्याच जणांना त्यावर प्रेशर जास्त लागतं, आणि कंटाळून सोडून देणारेही जास्त. बाबांचं नाक पहिले तीन तास चांगलं चालतंय ना? मग नाक चालतं. ते रात्रभर कसं चालेल ते बघू की आधी.

आणि आता ते थेंब. इथं मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका. झायलोमेटाझोलिन नाहीतर ऑक्सिमेटाझोलिन असेल बाटलीवर, वाचून बघा. ते घातलं की पाच मिनिटांत नाक मोकळं, जादूच. पण ते तीन दिवस, फार तर पाच दिवस घालायचं औषध आहे. त्याच्यापुढं गेलं की नाकाला त्याची सवय लागते, थेंबाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग परत थेंब, आणि जसजसे दिवस जातात तसा असर लवकर लवकर उतरायला लागतो. बाबा रात्री दहाला घालतात, दोनला नाक गच्च. मला तर वाटतंय तुमच्या घरात दोन चोर एकाच वेळी घुसतायत, एक वाळकं नाक आणि एक थेंबांची सवय, आणि दोघांची वेळ एकच असल्यामुळे एक पकडला तरी दुसरा सुटतो.

सोडवायचं कसं हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. साधारणपणे ते स्टेरॉइडचा फवारा सुरू करतात आणि थेंब बंद करतात, काही जण आधी एका नाकपुडीचे थांबवायला सांगतात आणि ती मोकळी झाली की दुसरीचे. पहिला आठवडा त्रासाचा जातो. त्या आठवड्यात बाबा म्हणतील थेंबच बरे होते, तिथं तुम्ही खंबीर राहायचं. स्टेरॉइड म्हटलं की आत्या परत बोलतील, पण फ्लुटिकासोन, मोमेटासोन असले फवारे नाकापुरतेच काम करतात, रक्तात फार कमी जातात. मात्र ते थेंबासारखे लगेच काम करत नाहीत, पूर्ण फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे. मारायची पद्धत लोक शंभर टक्के चुकवतात: मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, नळीचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, मधल्या पडद्याकडे नाही, आणि जोरात ओढायचं नाही. पडद्यावर रोज मारला तर तिथून रक्त येतं. आणि अ‍ॅलर्जी-सूज काही नसलेल्या माणसाला सीपॅप लावलाय म्हणून उगाच फवारा दिला तर फार काही हाती लागत नाही, हेही खरं.

सर्दीच्या गोळ्या आपल्या मनानं आणू नका. त्यात फेनिलेफ्रिन नाहीतर स्यूडोएफेड्रिन असतं, बीपी वाढतं, आणि स्लीप अ‍ॅप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराच्या, पेशंटांत बीपीवाले भरपूर. सोबत क्लोरफेनिरामिन असतं, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते. उलट प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर त्यानंही काहींचं नाक चोंदतं, म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जा. स्वतःहून काही बंद मात्र करू नका.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं मला स्वतःला सगळ्यात आवडतं. पाव लिटर पाणी, त्यात पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. जलनेतीचं भांडं असेल तर तेच चालतं. पाणी मात्र उकळलेलं, खळखळ उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं, मग कोमट होऊ द्यायचं. नळाचं, विहिरीचं, मलप्रभेचं पाणी तसंच नाकात घालायचं नाही. पिण्यात चालणारा जंतू नाकात चालत नाही, केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये नाकावाटे मेंदूत जाणाऱ्या अमिबानं माणसं गेलीत. झोपायच्या तासभर आधी धुवा. धुऊन लगेच मास्क लावला तर आत राहिलेलं पाणी कानाकडे ढकललं जातं, कान दडे बसतात. फवारा असेल तर धुतल्यावर दहा मिनिटांनी, आधी नाही, नाहीतर औषध मोरीत.

आत्याचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका हां. मशीन बाहेरून वारा आणत नाही, त्याच खोलीतली हवा ओढतं. म्हणजे खोलीत जे आहे ते सगळं दाबानं नाकात. डासांची कॉइल उशाला असेल तर ती नाकात, देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्ती नाकात, पलीकडे चूल असेल तर धूर. वडगावात एका विणकर काकांच्या घरी माग शेजारच्याच खोलीत, फिल्टर उघडला तर चक्क कापसाची वात निघाली. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका मावशी रात्री अंघोळ करून, केस धुऊन झोपायला लागल्या आणि शिंका निम्म्यावर, कारण धूळ केसांतून उशीवर आणि उशीवरून मशीनमध्ये जात होती. उद्यमबागेत फाउंड्रीत जाणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. तुमच्याकडे पावसात भिंतींना ओल आणि बुरशी, पाऊस संपला की शेताच्या बांधावर काँग्रेस गवत फुलतं, हे दोन्ही नाकाचे वैरी. बाबांची सर्दी याच दिवसांत वाढत असेल तर अ‍ॅलर्जी धरून चाला. वाकळ आणि उशीचा अभ्रा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घाला. फिल्टर कागदी असेल तर महिन्याला बदला, स्पंजाचा असेल तर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा. तपकीर ओढतात का हे तुम्ही लिहिलं नाही, ओढत असतील तर बाकी सगळं वाचून काही उपयोग नाही, ती आधी बंद.

खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवा, नाकातली सूज थोडी उतरते. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान मोडते आणि श्वास अजून अडतो. प्रेशर ११ आहे, ते तुमच्या मनानं कमी करू नका, नाक बंद होतंय म्हणून बरेच जण ते करतात. श्वास सोडताना दाब थोडा कमी करणारी सेटिंग असते, ती चालू आहे का ते मशीनवाल्याला विचारा, तोंडातून हवा फुटणं त्यानं काहींचं कमी होतं.

पडदा वाकडा निघाला, हाड वाढलंय म्हणाले, तर ऑपरेशनचा विचार डॉक्टर करतील. त्यानं घोरण्याचा आजार जात नाही बहुतेकांचा, आणि तसं आश्वासन कोणी दिलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. पण मशीन सहन व्हायला लागतं, काहींचं प्रेशर उतरतं, तेवढ्यासाठीही ते फायद्याचं ठरू शकतं. आणि एकच नाकपुडी कायम बंद आणि त्यातून रक्त, किंवा कपाळ-गाल ठणकून ताप, कान दुखून पू, असं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून दोन दिवसांत डॉक्टर गाठा.

तर आज रात्रीपासून एवढं करा. ह्युमिडिफायर तापतंय का बघा, मधल्या आकड्यावर ठेवा. कॉइल खोलीबाहेर, मच्छरदाणी लावा. झोपायच्या तासभर आधी मिठाचं पाणी. डॉक्टरांची वेळ घ्या, थेंबांची बाटली सोबत न्या. आणि उशाशी एक वही ठेवून नाक चोंदलं की वेळ लिहायची, त्या वेळी तोंड कोरडं होतं का ओलं, तेवढंच. नाकच बंद झालं तर मास्क काढून उठून बसायचं, एक घोट पाणी, दहा मिनिटांनी परत लावायचा, तीन वाजले म्हणून उरलेली रात्र सोडून द्यायची नाही. दहा दिवसांनी वही आणि गळतीचा आलेख शेजारी शेजारी ठेवून मला सांगा. तोवर फुल फेस मास्कचे पैसे देऊ नका.